आमच्या गिरणीत गहू दळून मिळत नाही

दळणकरी (धागालेखक)

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी ओघात लिहून गेलो होतो की पुण्यातली १४ वर्षांची नोकरी सोडून मी सोलापुरात पिठाची गिरणी चालवतो. त्यानंतर जे निरोप आले, त्यांत काहींना हे धाडस वाटले होते आणि काहींना शुद्ध वेड. सर्वांना एकदाच आणि आकड्यांसकट उत्तर द्यावे म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. शेवटी एक प्रश्नही विचारणार आहे, तेव्हा कृपया अर्ध्यातून सोडू नका.

सुरुवात धाकट्या मुलीपासून करावी लागेल. चौथ्या वर्षापर्यंत तिची उंची आणि वजन वयाच्या मानाने मागे पडत गेले, पोट सतत फुगलेले असे आणि वर्षभर लोहाची औषधे देऊनही हिमोग्लोबिन काही केल्या वर सरकत नव्हते. 'आमच्या घराण्यात सगळे बारीक चणीचेच' असे म्हणत आम्ही बराच काळ काढला. २०१९ साली एका पोटविकारतज्ज्ञांनी टीटीजी-आयजीए ही (या आजारातली प्रतिद्रव्ये मोजणारी) रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सिलिॲक आजाराचे निदान केले. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. त्याला औषध नाही, पथ्य आहे, आणि ते जन्मभराचे आहे.

हे ऐकून सोलापूरहून आईने फोनवर सुटकेचा निःश्वास टाकला. 'एवढंच ना? मग पोरीला भाकरी घाल. आपल्याकडं ज्वारीला काय तोटा?' ज्वारीत ग्लूटेन नसते, त्यामुळे आईचे म्हणणे बरोबरच होते. पुढची दोन वर्षे पुण्याच्या घरी गव्हाचे नाव काढले नाही. मुलीचे वजन वाढले, चेहऱ्यावर तुकतुकी आली, मात्र रक्तातला टीटीजीचा आकडा निम्म्यावर येऊन तिथेच अडकून बसला. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, 'पीठ कुठून आणता?'

पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीतून येत होते. त्या संध्याकाळी मी दळण घेऊन गेलो आणि आयुष्यात प्रथमच तिथे उभा राहून नीट पाहिले. माझ्या आधी एका बाईंचा गहू दळून झाला होता. गिरणीवाल्याने जात्याच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीवर दोन थापा मारल्या, त्यांचा डबा काढला, माझा लावला आणि वरून माझी ज्वारी ओतली. माझ्या डब्यात पडलेली पहिली ओंजळ पिवळसर होती, मग हळूहळू रंग पांढरा होत गेला. मागच्याचे थोडे पुढच्याच्या डब्यात जायचेच, हा व्यवहार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणालाही खटकलेला नाही, आणि खटकावे असे त्यात काही नव्हतेही. ग्लूटेन शोधणाऱ्या तपासणीपट्ट्या मी मागवून घेतल्या. त्या पिठाचा नमुना लावला आणि पंधरा मिनिटांत पट्टीवर दुसरी रेघ ठसठशीत उमटली. स्वयंपाकघरात अजून एक चोर सापडला, तो हिंगाच्या डबीत. बाजारातला बांधणी हिंग बहुतेक वेळा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. दोन वर्षे आम्ही वरणाला तीच फोडणी देत होतो.

घरगुती चक्की घेऊन प्रश्न सुटला असता, आणि पिठापुरता तो काही महिने सुटलाही. मग एकदा ज्वारी निवडताना माझ्या पत्नीने सुपाच्या कडेला चार दाणे वेगळे काढून ठेवले आणि मला हाक मारली. ते गव्हाचे दाणे होते.

इथे थोडे गणित मांडतो, कारण पुढचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 'ग्लूटेनमुक्त' म्हणायचे असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, आणि त्यात ग्लूटेन धरा ४ मिलिग्रॅमच्या आसपास. किलोभर ज्वारीत सुमारे ३०,००० दाणे असतात. त्या ३०,००० दाण्यांत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा गाठली. दुकानदाराला 'ज्वारी स्वच्छ आहे ना?' असे विचारण्याला यानंतर काही अर्थ उरला नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात घरून काम असल्यामुळे आम्ही सोलापुरातच होतो. ज्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे माझ्या मुलीसाठी खात्रीची पाच किलो ज्वारी मिळू नये, हे मला पटत नव्हते. म्हणून गहू येतो कुठून याचा माग काढत मी उलटा चालत गेलो. आडतीवर ज्वारी ज्या बारदानातून येते, ते बारदान आधी गव्हाचे असू शकते. त्याच्या मागे मळणीयंत्र असते. रब्बी ज्वारी आणि गहू यांची सुगी एकमेकींच्या पाठोपाठ येते, आणि गावात मळणीयंत्र एकच असते. त्याच्याही मागे बांधाला बांध लागून असलेला शेजाऱ्याचा गहू. एकाचीही लबाडी नव्हती. प्रत्येक टप्प्यावर दोन-दोन दाणे मिसळत होते इतकेच.

मार्च २०२२ मध्ये मी राजीनामा दिला. व्यवस्थापकांना वाटले की मी दुसरीकडे चाललो आहे आणि त्यांनी पगार वाढवून देऊ केला. वडील गिरणी कामगार होते. एकामागून एक कापडगिरण्या बंद पडताना त्यांनी पाहिल्या आहेत, आणि 'गिरणी' या शब्दाचा त्यांनी घेतलेला धसका मी समजू शकतो. पिठाची आहे, कापडाची नाही, असे सांगून पाहिले. ते हसले नाहीत.

अक्कलकोट रस्त्याकडे एक शेड भाड्याने घेतली. स्वस्तात जुनी गिरणी घ्यावी असा सर्वांचा सल्ला होता आणि तोच एक सल्ला मला ऐकता येत नव्हता, कारण जुन्या दगडाच्या भेगांत बसलेले गव्हाचे पीठ कोणत्याही झाडणीने निघत नाही. नवे दगड घेतले. नव्या दगडाची कच पिठात उतरते हे माहीत होते, पण किती उतरते हे माहीत नव्हते. पहिले आठ दिवस आम्ही भरड दळून नुसती टाकून देत होतो. जात्याला टाकी लावायला आलेल्या म्हाताऱ्या कारागिरांनी सगळी रचना पाहिली आणि शांतपणे विचारले, 'आणि गहू आला तर?' नाही दळायचा, असे मी म्हटले. 'मग जेवणार काय?'

त्यांचा प्रश्न रास्त होता. गल्लीतल्या गिरणीचे पोट गव्हावर भरते. माझी गिरणी पहिले सात महिने दिवसातून दोन तास चालत होती. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले भरडधान्य वर्ष होते, त्यामुळे चौकशा अचानक वाढल्या. त्यांतली बहुतेक मंडळी वजन कमी करायला निघालेली होती. चार महिने पीठ नेऊन ती पुन्हा पोळीकडे वळली, आणि त्यांच्या भरवशावर मी घेऊन ठेवलेल्या ४० पोत्यांपैकी ९ पोत्यांना कीड लागली. त्याच काळात एका खानावळ-पुरवठादाराने रोज रात्री चार क्विंटल गहू दळून देण्याचे काम पुढे केले. महिन्याचे भाडे, वीज आणि एका माणसाचा पगार त्यातून सुटत होता. मी होकार देण्याच्या अगदी काठावर होतो. पत्नीने एवढेच विचारले की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जात्यातले पीठ तू आपल्या मुलीला देशील का. तो विषय तिथेच मिटला. शेडच्या दारावरची पाटी त्याच आठवड्यात लावली. तीच या धाग्याचे शीर्षक आहे.

आजचा हिशोब असा आहे. महिन्याला सरासरी २,२०० किलो पीठ जाते. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश पथ्याच्या घरांना, सोलापूर, पुणे, लातूर आणि मुंबईकडे. खरेदी, निवडणीतली घट, मजुरी, भाडे, तपासणी आणि पिशव्या धरून किलोला ८२ रुपये पडतात. विक्री ११० रुपयांनी. कर्जाचा १४,००० रुपयांचा हप्ता फेडून माझ्या हाती साधारण ४७,००० रुपये राहतात. नोकरीत हाती १ लाख ४० हजार येत होते. मुलीचा रक्तातला आकडा मागच्या वर्षी प्रथमच मर्यादेच्या आत आला.

आता प्रश्न. कोपऱ्यावरचे ज्वारीचे पीठ माझ्यापेक्षा जवळजवळ निम्म्या भावात मिळते. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांत बिडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या घरांतली मुले आहेत. एका बाईंनी मागच्या महिन्यात तीन किलोऐवजी एकच किलो नेले, आणि उरलेले दिवस काय करणार हे मी विचारले नाही. भाव सर्वांना सारखा ठेवावा, की हौसेने खाणाऱ्यांना जास्त आणि पथ्यवाल्यांना कमी असे दोन भाव करावेत? यावर माझे स्वतःचे मत रोज बदलते.

हुतात्मा_पहाटे

मी दर रविवारी रात्री सोलापूर सोडतो आणि शुक्रवारी परत येतो, असे अकरावे वर्ष चालू आहे. त्यामुळे तुमचा लेख वाचताना मत्सर वाटला, हे आधी कबूल करतो. पण अशा कथांमधून एक पान नेहमी फाडलेले असते. पहिले सात महिने गिरणी दोन तास चालत होती, तेव्हा घर कोण चालवत होते?

दळणकरी

पत्नी चालवत होती. ती बँकेत आहे, तिची सोलापूरला बदली व्हायला आठ महिने लागले आणि तोपर्यंत ती मुलींना घेऊन पुण्यातच राहिली. आजही आरोग्यविमा तिच्या नोकरीवर आहे. पुण्यातल्या सदनिकेचा हप्ता तिथल्या भाड्यातून बहुतांश सुटतो. हे मूळ लेखात यायला हवे होते, ते राहून गेले आणि राहून जावे हे मला शोभले नाही. ज्या घरात एकच पगार आहे आणि तो आपलाच आहे, त्या माणसाने माझा लेख वाचून राजीनामा लिहायला बसू नये.

नाडीपरीक्षा

मी बालरोगाच्या क्षेत्रात काम करते. धागा व्यवसायाचा असला तरी वाचणाऱ्यांपैकी अनेक जण आजच घरातला गहू बंद करतील अशी धास्ती वाटते, म्हणून लिहिते. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्तातली प्रतिद्रव्ये उतरत जातात, आतड्याचे अस्तर भरून येऊ लागते, आणि मग आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. असे अर्धवट पथ्य करून आलेल्या मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खायला घालून तपासावे लागते, आणि ते त्या मुलाला आणि आईबापांना फार जड जाते. दुसरे असे की घरात एकाला निदान झाले की सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करावी, त्यांना त्रास होत नसला तरी. धागालेखकांनी थोरल्या मुलीची केली असेलच.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला होता. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना आधीपासून गव्हाचा संशय होता, आणि युद्धाच्या त्या काळातल्या अनुभवाने तो बळावला. १९५० मध्ये त्यांनी प्रबंधात तो मांडला. गव्हाचा या आजाराशी संबंध लागला तो असा.

दळणकरी

थोरलीची, माझी आणि पत्नीची, तिघांचीही केली. तिघेही सुटलो. तुमची पहिली सूचना मी पिशवीसोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर छापून घेतो.

सीनाकाठ

मी मोहोळ तालुक्यात कोरडवाहू शेती करतो आणि ज्वारी हे माझे खाण्याचे आणि विकण्याचे दोन्ही पीक आहे. तुम्ही मळणीयंत्रापर्यंत पोहोचलात हे वाचून बरे वाटले, कारण शहरातली माणसे सहसा बारदानापाशी थांबतात. पण त्या टप्प्यावर तुम्ही नेमके काय केले ते लिहिले नाही. यंत्र झाडायचे म्हणजे अर्धा दिवस जातो. सुगीत यंत्रवाला तासावर पैसे मोजतो आणि पुढच्या खळ्यावर त्याची वाट पाहत माणसे उभी असतात. हा खर्च तुम्ही देता की शेतकऱ्यावर घालता?

दुसरा मुद्दा भावाचा. २०२४-२५ च्या हंगामासाठी मालदांडी या ज्वारीच्या वाणाचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये होता. गंमत अशी की मालदांडी रब्बीची आणि तिचा भाव जाहीर होतो खरिपाच्या यादीत. ज्वारी यंत्राने कापता येते, पण आम्हाला कडबा अखंड हवा असतो, म्हणून ती हाताने काढावी लागते, आणि काढणीला, मोडणीला माणूस मिळत नाही. माझ्या भावकीत तीन घरांनी ज्वारी सोडून ऊस धरला. जे राहिले, ते कडब्यासाठी राहिले. ज्या वर्षी कडब्याला भाव असतो त्या वर्षी धान्य आम्हाला फुकट पडल्यासारखे वाटते, आणि ज्या वर्षी नसतो त्या वर्षी उलटे. तुमच्या ८२ रुपयांत शेतकऱ्याचे किती आहेत, हे समजल्याशिवाय दोन भावांच्या प्रश्नावर मला काही बोलता येणार नाही.

दळणकरी

सविस्तर उत्तर देतो, कारण या टप्प्यावर मी दोनदा तोंडघशी पडलो आहे.

पहिल्या वर्षी मी यंत्र झाडायचे पैसे देऊ केले, झाडलेही गेले, आणि तरीही पोत्यांत गहू निघाला. यंत्राच्या आतल्या कोनाड्यांत काय अडकून बसते ते बाहेरून दिसत नाही. दुसऱ्या वर्षापासून उपाय बदलला. आता आम्ही झाडण्यापेक्षा क्रम पाहतो. माझ्याशी बोलणी झालेल्या अकरा शेतकऱ्यांची ज्वारी त्या यंत्रावर हंगामात सर्वांत आधी, गव्हाला हात लागण्यापूर्वी मळली जाते, आणि पहिली दोन पोती मी घेत नाही, ती त्यांची त्यांनी घरी खावीत किंवा बाजारात घालावीत. यंत्रवाल्याला पहिल्या दिवसाचे वेगळे पैसे मी देतो. नवे बारदान माझे. बांधाला गहू असेल तर त्या बाजूच्या चार ओळी सोडून काढणी होते. हे सगळे करूनही शेडमध्ये चाळण्या लावून आणि नंतर सुपात घेऊन निवडावे लागतेच. निवडणाऱ्या पाच बायकांपैकी एकजण पूर्वी घरी बिड्या वळायची, आणि तिच्या हातून गव्हाचा दाणा सुटलेला मी अजून पाहिलेला नाही. यंत्राने रंग ओळखून निवडण्याची सोय असते हे खरे आहे. त्या यंत्राची किंमत ऐकून मी सुपाकडे परतलो.

शेतकऱ्याला मी किलोला ४८ रुपये देतो, खळ्यावर. ८२ पैकी ते ४८. कडबा अर्थातच त्यांचा. हा भाव सुगीला बोलला जातो आणि वर्षभराचा माल एकदम उचलावा लागतो. कर्ज त्यासाठीच घ्यावे लागले. केंद्र सरकारच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान होते, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले होते. यंत्रांसाठी ते उपयोगी पडत होते. सुगीत ३०० क्विंटल ज्वारी रोखीने उचलण्याची चणचण त्याने भागत नव्हती, आणि माझा जीव दरवर्षी त्याच तीन आठवड्यांत टांगणीला लागतो.

सीनाकाठ

४८ रुपये खळ्यावर म्हणजे आम्हाला वाहतूक, हमाली आणि तोलाई वाचली. हा भाव चांगला आहे, ते मान्य करतो. मात्र ज्या वर्षी बाजार ५५ वर जाईल त्या वर्षी तुमच्या अकरांपैकी किती जण राहतात ते पाहा. भाव बांधताना खाली-वर दोन्हीकडे थोडी सवलत ठेवा. पहिली दोन पोती परत देण्याची युक्ती मी आमच्याकडच्या बीजोत्पादनात वापरणार आहे.

चिंचोली_जुना

मीही एकेकाळी नोकरी सोडली होती. आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्यासाठी संडासात ठेवायची एक घडीची, आधाराच्या दांड्या असलेली खुर्ची मी स्वतः वेल्डिंग करून बनवली. पाहुण्यांनी मागितली, मग पाहुण्यांच्या पाहुण्यांनी मागितली, आणि मला वाटले की सापडला धंदा. औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला, २०० खुर्च्या काढल्या. ६३ विकल्या गेल्या. खुर्ची उत्तम होती, इतकी की ज्याने घेतली त्याला दुसरी कधी घ्यावीच लागली नाही, आणि त्याच्याकडची आजी गेल्यावर त्याने तीच खुर्ची शेजाऱ्याला दिली. आपली अडचण खरी होती म्हणून गिऱ्हाईकही खरे असणार, या समजुतीत मी घरचे दागिने घालवले. तुमच्या बाबतीत गिऱ्हाईक दर महिन्याला परत येते, आणि तुमच्या पिठाच्या जागी त्याला दुसरे काही चालत नाही. तुमची हिंमत माझ्यापेक्षा मोठी नव्हती. तुमची वस्तू संपते, माझी संपत नव्हती.

भावाबद्दल स्पष्ट लिहितो. दोन भाव करू नका. दुकानात दोन भाव केले की पथ्यवाला कोण आणि हौशी कोण हे ठरवण्यासाठी तुम्हाला गिऱ्हाइकाकडे डॉक्टरचा कागद मागावा लागेल. ज्या बाईने एक किलो नेले, ती तो कागद दाखवायला पुन्हा येणार नाही. त्याऐवजी वेगळी वस्तू काढा, तिच्यावर नफा ठेवा, आणि साध्या पिठाचा भाव जमेल तितका खाली आणा. सोलापुरात बसून कडक भाकरी विकत नाही म्हणजे आश्चर्य आहे.

दळणकरी

कागद मागण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि तो वाचल्यावर दोन भावांचा विचार मी आज सोडून दिला आहे.

कडक भाकरीचा विचार पूर्वी केला होता आणि थांबलो होतो. आपल्याकडे हा धंदा घराघरांतून चालतो. बाया उत्तम, कागदासारख्या पातळ भाकरी थापतात, पण त्याच चुलीवर, त्याच तव्यावर घरच्या पोळ्याही होतात. त्यांना फक्त पीठ देऊन भाकरी करून घेतली तर माझ्या सगळ्या खटाटोपावर शेवटच्या पायरीला पाणी पडेल. त्यासाठी वेगळी खोली, वेगळे तवे आणि तिथे येऊन काम करणाऱ्या तीन-चार जणी हव्यात. शेडच्या मागे पत्र्याची एक खोली रिकामी आहे. नगावर मजुरी, आणि येताना घरून पोळीचा डबा आणायचा नाही, ही अट त्यांना विचित्र वाटेल. निवडणाऱ्या बायकांना सुरुवातीला वाटली होती. आता त्या भाकरी-झुणका आणतात आणि मला त्यातला वाटा मिळतो.

हुतात्मा_पहाटे

परवान्यांचे कोणी विचारलेच नाही. त्यात किती चपला झिजल्या?

दळणकरी

त्या मानाने फार नाही. १२ लाखांच्या आतली उलाढाल होती तोपर्यंत अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरली, तेव्हा तिला वर्षाला १०० रुपये शुल्क होते. पुढे राज्याचा परवाना घेतला. उद्यम नोंदणी फुकट असते. त्यासाठी पैसे मागणारे दलाल भेटतील, त्यांना नमस्कार करावा. चपला झिजल्या त्या तीन-फेज विजेच्या जोडणीसाठी, आणि त्याबद्दल सार्वजनिक ठिकाणी लिहू नये असे पत्नीचे मत आहे.

काठवट

मी तुमच्याकडून दोनदा पीठ मागवले आहे, त्यामुळे तक्रार करण्याचा मला हक्क आहे. दुसऱ्या खेपेच्या पिठाला विरी नव्हती. भाकरी थापताना कडेने चिरत होती आणि तव्यावर टाकताना हातातच दुभंगली. चाळीस वर्षे भाकरी करते आहे, तेव्हा हाताचा दोष नाही. पिशवीवरची तारीख पाहिली, पीठ दळून २३ दिवस झाले होते. ज्वारीचे पीठ इतके दिवस ठेवायचे नसते, आमच्याकडे आठवड्याचे दळण आठवड्यालाच होत असे. मी आधणाच्या पाण्याची उलवण घालून वेळ निभावली, पण ज्या तरुण मुलींना उलवण माहीत नाही, त्या तुमच्या पिठाला नावे ठेवतील आणि पुन्हा मैद्याच्या पावाकडे जातील.

मागवले होते नातवासाठी. तो सहा वर्षांचा आहे, दिवाळीनंतर निदान झाले.

दळणकरी

काकू, तक्रार शंभर टक्के मान्य. गव्हाच्या पिठाला ग्लूटेन धरून ठेवते. ज्वारीत ते नसल्यामुळे सगळी भिस्त पिठाच्या ताजेपणावर, आणि ते गेले की उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च चिकट करून घेण्यावर असते. तुम्ही त्याला उलवण म्हणता, मला ते समजायला वर्ष लागले. शिवाय ज्वारीच्या अंकुरातल्या स्निग्धांशामुळे जुने पीठ कडसर लागते. २३ दिवसांचे पीठ तुमच्याकडे आले ते ट्रॅव्हल्सच्या कार्यालयात पार्सल पडून राहिल्यामुळे, पण ते तुम्हाला सांगून काय उपयोग? यापुढे दळण सोमवारी आणि गुरुवारी, आणि पार्सल त्याच संध्याकाळी गाडीत, असे ठरवले आहे. उलवणीची कृती तुमच्याच शब्दांत लिहून द्याल का? चिठ्ठीच्या मागच्या बाजूला छापतो. नातवासाठी या सोमवारचे चार किलो बाजूला काढतो, त्याचे पैसे नकोत, मागच्या खेपेची भरपाई समजा.

एक विचारायचे राहिले. तुमच्या नावावरून वाटते म्हणून विचारतो, पीठ मळता कशात? लाकडी काठवटीत पूर्वी कणीक मळली जात असेल तर ती नातवाच्या भाकरीला वापरू नका. लाकडाच्या भेगांतले पीठ धुऊन जात नाही. लाटणे, पोळपाट यांचेही तेच. तवासुद्धा त्याचा वेगळा असू द्या.

काठवट

काठवट सासूबाईंची आहे, सागवानी, आणि त्यांच्याही सासूने दिलेली. तिच्यात या घरातल्या पाच लग्नांच्या पुरणपोळ्यांची कणीक भिजली आहे. ती मी टाकणार नाही, हे आधीच सांगते. आज दुपारी धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवली. स्टीलची नवी परात आणि एक तवा मंगळवार बाजारातून आणला आहे, दोन्हींवर नातवाने तैलरंगाने स्वतःचे नाव लिहिले. पैसे मात्र घ्या, नाही तर पुढच्या वेळी तक्रार करताना जीभ अडखळेल. उलवणीची कृती उद्या लिहिते, आज सून घरी नाही आणि मला प्रमाण हाताने कळते, वाटीने नाही.

दळणकरी

हाताचेच लिहा काकू. वाटीने मी मोजून घेईन.